उंबरठ्याशी थांबणारी अहिंसा

पत्नीवर हात उचलणारा पुरुष घराबाहेरही हिंसक असतो, की त्याची हिंसा घरापुरतीच राहते, हा प्रश्न गुन्हेशास्त्रात, म्हणजे गुन्हा आणि गुन्हेगार यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, गेली चार दशके विचारला जात आहे. मुळात मात्र तो धर्मविचाराचाही प्रश्न आहे, कारण माणसाचे शील एक असते की ते ठिकाणागणिक बदलते, हे ठरवल्याशिवाय त्याचे उत्तर पुरते होत नाही. कचेरीत, देवळात, मित्रमंडळींत मृदू बोलणारा आणि घरी बायकोला मारणारा माणूस मृदू म्हणावा की हिंसक? लोकव्यवहार त्याला बहुधा मृदूच म्हणतो. ‘बाहेर विचाराल तर देवमाणूस’ हे वाक्य अशा पुरुषांबद्दल इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, ज्या घरात तो राहतो ते घर जणू त्याच्या शीलाच्या हिशेबात धरायचेच नसते.

भारतीय दर्शनांपैकी योगदर्शनाने या हिशेबाचा विचार फार काटेकोरपणे केला आहे. पतंजलीच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह असे पाच यम सांगितले आहेत. त्यांना महाव्रताची पदवी केव्हा मिळते, हे लगेच पुढच्या सूत्रात सांगितले आहे: जाती, देश, काल आणि समय यांनी त्यांना मर्यादा पडलेली नसेल तेव्हाच. येथे जाती म्हणजे प्राण्याचा प्रकार, देश म्हणजे ठिकाण, आणि समय म्हणजे आपणच घालून घेतलेली अट. या सूत्रांवरील व्यासभाष्यात याची उदाहरणे दिली आहेत. मासे सोडून इतर कशाचीही हत्या न करणाऱ्या कोळ्याची अहिंसा जातीने मर्यादित आहे, तीर्थक्षेत्री हिंसा न करणाऱ्याची देशाने, चतुर्दशीला न करणाऱ्याची कालाने, आणि देवाब्राह्मणांच्या कामाखेरीज न करणाऱ्याची समयाने. या सर्वांच्या संयमाला भाष्यकार खोटे ठरवत नाही. हा संयम केवळ अपुरा आहे आणि महाव्रत या नावाला पात्र नाही, एवढेच तो दाखवतो. घराबाहेर कोणालाही न दुखावणारा आणि घरात मारहाण करणारा पुरुष याच मालिकेत बसतो. त्याची अहिंसा उंबरठ्याने मर्यादित झालेली आहे, आणि तीर्थक्षेत्री हिंसा टाळणाऱ्याने निदान पवित्र जागी तरी हात आवरलेला असतो. या पुरुषाने नेमकी आपल्या माणसांची जागाच व्रतातून वगळलेली असते.

आधुनिक संशोधनाने हाच प्रश्न आकड्यांच्या साहाय्याने विचारला. १९८३ साली जेफ्री फॅगन आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील मार खाल्लेल्या स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेल्या लेखाच्या शीर्षकातच ‘हिंसक पुरुष की हिंसक पती’ असा पर्याय मांडला. त्यांच्या पाहणीत जवळपास निम्म्या पुरुषांना घराबाहेरच्या हिंसेबद्दल पूर्वी अटक झालेली होती, आणि जे दोन्हीकडे हिंसक होते त्यांची घरातील मारहाणही अधिक गंभीर स्वरूपाची होती. १९८९ साली जेराल्ड होटालिंग, मरे स्ट्राउस आणि अ‍ॅलन लिंकन यांनी राष्ट्रव्यापी कुटुंब-पाहण्यांच्या आधारे दाखवले की, घरातील माणसांना मारणाऱ्या पुरुषांत परक्यांवर हल्ला करण्याचे प्रमाण इतर पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बांगलादेश, श्रीलंका, इंडोनेशिया यांच्यासह आशिया-प्रशांत भागातील सहा देशांतल्या १०,००० हून अधिक पुरुषांच्या पाहणीतही टोळ्यांत किंवा शस्त्रांच्या मारामाऱ्यांत भाग घेणे आणि जोडीदारावर हिंसा करणे यांचा परस्परसंबंध आढळला. ज्याला केवळ ‘घरगुती भांडण’ म्हणून बाजूला सारले जाते, ते पुष्कळदा व्यापक हिंसक वर्तनाचा एक भाग असते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

तथापि हे निष्कर्ष कोणत्या स्त्रिया आणि कोणते पुरुष पाहून काढले, हे ध्यानात घेणे अत्यावश्यक आहे. आश्रयगृहात आलेल्या स्त्रियांना विचारले, तर सर्वांत भीषण मारहाण करणारे पुरुष मोजणीत अधिक येतात, कारण घर सोडून येण्यापर्यंत वेळ बहुधा अशाच पुरुषांच्या बायकांवर येते. न्यायालयात उभ्या केलेल्या आरोपींना मोजले, तर पूर्वी पोलिसांच्या नजरेत आलेले पुरुष अधिक येतात. आणि घरोघरी जाऊन सरसकट पाहणी केली, तर जे पुरुष बाहेर कधीही कोणाशी हाणामारी करत नाहीत, असे मोठ्या संख्येने आढळतात. एमी होल्ट्झवर्थ-मन्रो आणि ग्रेगरी स्टुअर्ट यांनी १९९४ मध्ये मारहाण करणाऱ्या पतींचे तीन प्रकार कल्पिले, ते याच विसंगतीचा उलगडा करण्यासाठी. पहिला प्रकार केवळ कुटुंबातच हिंसा करणाऱ्यांचा, दुसरा अस्थिर मनोवृत्तीच्या आणि सोडून जाण्याच्या भीतीने ग्रासलेल्या पुरुषांचा, आणि तिसरा घरी-दारी सर्वत्र हिंसक असणाऱ्यांचा. सरसकट पाहणीत पहिला प्रकार सुमारे निम्मा भरेल, असा त्यांचा अंदाज होता.

भारतात या दिशेने मोजणी फार झालेली नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितलेल्या स्त्रियांचे प्रमाण मात्र अवघे १४ टक्क्यांच्या आसपास होते. पोलिसांच्या नोंदींवरून काढलेल्या निष्कर्षांना या तफावतीमुळे मोठी मर्यादा पडते, कारण ज्या पुरुषाविरुद्ध कधीच तक्रार झाली नाही तो कागदोपत्री दोन्हीकडे निर्दोष राहतो.

धर्मविचाराच्या दृष्टीने मारहाण करणाऱ्या पतींच्या वरील तीन प्रकारांत सर्वांत महत्त्वाचा पुरुष पहिल्या प्रकारचा आहे. सर्वत्र हिंसक असणाऱ्याबद्दल निदान असे म्हणता येते की, त्याच्या ठिकाणी संयम नावाची शक्तीच क्षीण झालेली आहे. फक्त घरात मारणाऱ्याबद्दल तसे म्हणता येत नाही. त्याच्या बचावासाठी नेहमी दिले जाणारे कारण रागाचे असते: राग अनावर झाला, डोक्यात राख घातली गेली, भान राहिले नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, आणि पुढे स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश अशी जी साखळी सांगितली आहे, तिचाही आधार कधी कधी घेतला जातो. परंतु ही साखळी माणसाने स्वतःला सावरावे म्हणून सांगितली आहे. दोषातून सुटण्याचे साधन म्हणून नव्हे. शिवाय ज्याचा राग खरोखरच अनावर होतो, त्याचा तो अपमान करणाऱ्या वरिष्ठासमोर, रांगेत धक्का देणाऱ्या धटिंगणासमोर, हप्ता मागायला आलेल्या माणसासमोरही अनावर व्हायला हवा. तेथे तो गिळला जातो, संध्याकाळपर्यंत सांभाळून ठेवला जातो, आणि जेथे उलटून कोणी मारणार नाही तेथे, पुष्कळदा अंगावर खुणा दिसणार नाहीत अशा बेताने, बाहेर काढला जातो. एवढे भान ठेवून केलेल्या कृतीला भान हरपल्याचे कारण लागू पडत नाही. जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या बाबतीत स्वयंपाक, उदीम आणि आत्मरक्षण यांत अपरिहार्यपणे घडणारी हिंसा वेगळी मानली आहे, आणि संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली इजा, ही मात्र गृहस्थालाही वर्ज्य ठरवली आहे; घरातली मारहाण या शेवटच्या वर्गात मोडते, आणि तिला अपरिहार्यतेच्या कोणत्याही खणात जागा नाही.

व्यासभाष्यातील आणखी एक बारकावा येथे उपयोगी पडतो. हिंसा लोभातून, क्रोधातून किंवा मोहातून होते असे सूत्रात म्हटले आहे, आणि मोहातून होणाऱ्या हिंसेचे स्पष्टीकरण भाष्यकाराने असे दिले आहे की, यातून आपल्याला धर्म लाभेल अशा समजुतीने ती केली जाते. बायकोला वळण लावणे, घराची अब्रू राखणे, मुलांपुढे धाक ठेवणे ही कर्तव्ये पार पाडतो आहोत, अशी ज्याची प्रामाणिक समजूत असते, तो क्रोधापेक्षा मोहाने अधिक ग्रासलेला असतो. अशा पुरुषाला स्वतःच्या कृतीची लाज वाटत नाही, उलट आपण घर धरून ठेवले याचा अभिमान वाटतो. आणि म्हणूनच क्रोधी माणसापेक्षा त्याला सुधारणे अवघड असते.

मराठीत याचा एक जुना आणि विश्वसनीय पुरावा एका स्त्रीनेच लिहून ठेवला आहे. वेरूळजवळच्या देवगावी १६२८ साली जन्मलेल्या आणि पुढे शिऊरच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या संत बहिणाबाई यांचे लग्न अगदी बालवयात, वयाने कितीतरी मोठ्या, वेदविद्या जाणणाऱ्या बिजवराशी झाले होते. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांत कोल्हापूरचा प्रसंग येतो. जयरामस्वामींच्या कीर्तनाला ही लहानगी मुलगी आणि तिच्यावर जीव लावलेले एक वासरू नियमाने जात असत. त्याचा गावात बोलबाला झाला, आणि तो कानावर येताच पतीने तिला निर्दयपणे मारले. तुकारामांसारख्या शूद्र संताकडे तिचे मन ओढ घेते, हे तर त्या विद्वान ब्राह्मणाला अधिकच असह्य होते. येथे मारणारा पुरुष व्यसनी नव्हता, अशिक्षित नव्हता, गावगुंडही नव्हता. बाहेरच्या जगात त्याला मान होता, आणि आपण धर्म राखतो आहोत अशीच त्याची धारणा होती. पुढे देहूला मंबाजी गोसावी भेटतो, तो वेगळ्या प्रकारचा आहे. तुकारामांना मारणारा, आणि बहिणाबाई आपले शिष्यत्व पत्करत नाहीत म्हणून त्यांची गाय बांधून तिला झोडपणारा मंबाजी, हा माणसांवर, जनावरांवर, जो हाताशी सापडेल त्याच्यावर हिंसा करणारा पुरुष आहे. विसाव्या शतकातल्या संशोधकांनी ज्या प्रकारांत भेद केला, त्यांतले दोन सतराव्या शतकातल्या एका स्त्रीच्या कथनात शेजारी शेजारी उभे आहेत, आणि तिला दोघांचाही त्रास सोसावा लागला.

बहिणाबाईंनी पतिव्रताधर्मावरही अभंग रचले, हे विसरता कामा नये. पुष्कळ प्रवचनकार त्यांच्या सहनशीलतेचा दाखला स्त्रियांना देतात आणि शेवटी पती कसा निवळला, आजारपणात कसा पश्चात्ताप पावला आणि देहूला कसा आला, यावर कथा संपवतात. अशा कथनात मार हा साधनेचा टप्पा होऊन बसतो. बहिणाबाईंच्या वचनांचा हा अर्थ लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांना मार विसरता आला असता, किंवा निदान ग्रंथात तरी गाळता आला असता; त्यांनी तो नोंदवला. जे घडले ते स्पष्ट लिहून ठेवणाऱ्या स्त्रीला मूकपणे सोसणाऱ्यांच्या पंगतीत बसवणे मुळीच योग्य नाही.

धर्मग्रंथांचे साक्षीदारपण दुहेरी आहे, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. स्त्रियांचा आदर जेथे होतो तेथे देवता रमतात, असे सांगणाऱ्या मनुस्मृतीतच आठव्या अध्यायात अपराध करणाऱ्या पत्नीला, पुत्राला, दासाला, शिष्याला आणि धाकट्या भावाला दोरीने किंवा बांबूच्या फाकेने, मात्र पाठीवरच, मारण्याची मुभा दिली आहे. डोके सोडून पाठीवर मारावे, ही सूचना काहींना दयेची वाटते; वस्तुतः ती हिंसेला नियम घालून देऊन तिला धर्मात प्रवेश देते. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले. त्या दहनाचा अर्थ बहुधा जातीच्या संदर्भातच लावला जातो. पण त्या श्लोकात पत्नी आणि दास एकाच ओळीत उभे आहेत, आणि दोघांच्या पाठीवर पडणारी दोरी एकच आहे.

याच जिल्ह्यातल्या पनवेलच्या अलीकडच्या इतिहासात घरातल्या हिंसेच्या या प्रश्नाचे अतिशय दारुण रूप एका खटल्यात दिसले. नवी मुंबई पोलीस दलातील सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे ११ एप्रिल २०१६ पासून बेपत्ता झाल्या. वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर यांनी, ज्यांच्याशी त्यांचे निकटचे संबंध होते, त्यांचा खून करून मृतदेहाची विल्हेवाट लावली, असा निष्कर्ष काढून पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्यांना दोषी ठरवले आणि जन्मठेपेची शिक्षा दिली. ते दोघे पती-पत्नी नव्हते, त्यामुळे घरगुती हिंसेच्या नेहमीच्या व्याख्येत हे प्रकरण जसेच्या तसे बसत नाही. तरी जवळीक आणि हिंसा यांच्या नात्याचे ते प्रकरण आहेच. अश्विनी बिद्रे बेपत्ता असताना, २०१७ साली, कुरुंदकरांना राष्ट्रपती पदकाचा सन्मान मिळाला होता, आणि हा सन्मान दिला कसा गेला, असा प्रश्न न्यायालयानेच उपस्थित केला. या प्रश्नाचे महत्त्व एका व्यक्तीपुरते नाही. सेवापुस्तकात कामगिरीची नोंद होते आणि जवळच्या स्त्रीशी असलेल्या वागणुकीची होत नाही. सार्वजनिक गुणवत्ता आणि खासगी वर्तन हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत, हे गृहीतच तिथे धरलेले असते. लोकव्यवहारात ‘देवमाणूस’ म्हणण्यामागे जे गृहीत असते, तेच राज्यव्यवस्थेने पदकाच्या रूपाने धातूत ओतले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याउलट योगसूत्रांनी अहिंसेची परीक्षा सान्निध्यात ठेवली आहे. ज्याच्या ठिकाणी अहिंसा स्थिर झाली त्याच्या सान्निध्यात वैर मावळते, असे पतंजली म्हणतो, आणि गृहस्थाचे पहिले सान्निध्य त्याचे घर होय. दारातली चप्पल वाजली की मुले अभ्यासाचे पुस्तक ओढून घेतात की बापाकडे धावतात, यावरून त्या पुरुषाच्या अहिंसेची जी कल्पना येते ती त्याच्या सामाजिक कार्याच्या अहवालावरून येत नाही.

हिंसेचे कर्तृत्व मात्र एकट्या मारणाऱ्याचे नसते. सूत्रकाराने हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली, असे तीन प्रकार सांगून तिन्हींचे फळ दुःख आणि अज्ञान हेच ठरवले आहे. सासरच्यांनी कान भरून करवलेली मारहाण दुसऱ्या प्रकारात येते. तिसऱ्याचा पसारा सर्वांत मोठा आहे. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीत काही ना काही कारणाने पतीने पत्नीला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ४५ टक्के आणि पुरुषांचे ४४ टक्के होते. हे अनुमोदन पनवेलमध्येही दिसते. या तालुक्यात आगरी-कोळ्यांची जुनी गावठाणे आहेत, डोंगराकडेच्या आदिवासी वाड्या आहेत, आणि कळंबोली, कामोठे, खारघर यांसारख्या सिडको या शासकीय महामंडळाने वसवलेल्या वसाहतीही आहेत. गावठाणात भिंतीला भिंत लागून असल्याने सर्वांना ऐकू येते आणि ‘नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये’ म्हणून कोणी पडत नाही, तर वसाहतीत शेजारी दार लावून दूरचित्रवाणीचा आवाज वाढवतात. २००७ साली राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातले वाद गावात मिटवण्याला प्रतिष्ठा दिली, आणि जमिनीच्या बांधाच्या वादात ते इष्टही असेल. परंतु मार खाणारी आणि मारणारा यांच्यात ‘तडजोड’ घडवून तिला परत नांदायला पाठवणे म्हणजे तंटा मिटवणे नव्हे, ती अनुमोदित हिंसाच होय. या अनुमोदनाविरुद्ध पुरुषांनीच उभे राहावे, या विचारातून मुंबईत १९९३ साली ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’ ही संस्था स्थापन झाली, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातली अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

संस्कारांचा आक्षेप राहतो. ज्या मुलाने बापाला आईला मारताना पाहिले, तो मोठेपणी तेच करण्याची शक्यता वाढते, हे जगभरच्या अभ्यासांत आणि भारतातल्या पाहण्यांतही आढळले आहे. दारूचा संबंधही राष्ट्रीय पाहणीत स्पष्ट दिसतो. मग दोष पुरुषाचा की त्याच्या संस्कारांचा? भारतीय विचारात संस्कार म्हणजे पूर्वानुभवाने चित्तावर उमटलेला ठसा, आणि तो वृत्तीला वळण देतो हे सर्वांना मान्य आहे. परंतु त्याच विचारात पुरुषकाराला, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नाला, स्थान नसते तर यम-नियम सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते. शिवाय तेच बालपण भोगलेले कितीतरी पुरुष कधीही हात उचलत नाहीत. संस्काराने कारण कळते. जबाबदारी त्याने संपत नाही.

प्रायश्चित्ताचा विचारही येथे अवश्य करावा लागतो, कारण हिंसक पती बदलू शकतो की नाही, या प्रश्नावरच अनेक स्त्रियांचे घरी राहणे अवलंबून ठेवले जाते. धर्मशास्त्रात पापमुक्तीच्या साधनांत ख्यापन, म्हणजे आपले पाप लोकांपुढे उघडपणे सांगणे, आणि अनुताप यांना मोठे स्थान आहे. मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी एकांतात बायकोचे पाय धरणारा आणि चार लोकांत तोंडातून अक्षर न काढणारा पुरुष ख्यापन करत नाही. त्याचा पश्चात्ताप तिला बांधून ठेवण्याच्या कामी येतो. अमेरिकेतील डलूथ येथे १९८१ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमापासून हिंसक पुरुषांसाठी गटात घेतल्या जाणाऱ्या उपक्रमांचा पाया हाच आहे की, दुसऱ्यांसमोर स्वतःच्या कृत्याचा स्वीकार करावा लागतो. त्यांच्या परिणामांचा एकत्रित अभ्यास २००४ मध्ये ज्युलिया बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी केला, तेव्हा हा परिणाम अगदी थोडा असल्याचे दिसले. थोडा परिणाम म्हणजे शून्य नव्हे, आणि म्हणून असे उपक्रम सोडून देण्याचे कारण नाही. पण एखाद्या स्त्रीचा जीव त्यांच्या भरवशावर ठेवण्याइतके ते खात्रीचेही नाहीत.

२६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमाची रचना या दृष्टीने विचारपूर्वक केलेली आहे. पीडित स्त्री, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली नेमलेला शासकीय अधिकारी, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो. संरक्षण अधिकारी घटनेचा जो अहवाल तयार करतो, त्यात केव्हा, कोठे, कोणी, कशा प्रकारची हिंसा केली याची नोंद होते, आणि शारीरिक हिंसेबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसेसाठीही स्वतंत्र जागा आहे. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात विलंब होतो, आणि तो विलंब स्वतःच अनुमोदनाचे रूप घेतो. तरीही कलम १८ चा संरक्षण आदेश आणि कलम १९ चा निवासाचा आदेश यांसाठी तिला पतीचे बाहेरचे चारित्र्य वाईट असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. तो गावात देवमाणूस म्हणून ओळखला जात असला, त्याने आयुष्यात रस्त्यावर कोणाला चापट मारली नसली, तो पुढे सुधारणार असला किंवा नसला, तरी सामाईक घरात राहण्याचा तिचा हक्क त्याच्या सुधारण्याची वाट पाहत नाही.